ज्याचं त्याचं ब्लेड

धर्मराजनं शर्टाच्या खिशातून कागदी वेष्टनातलं कोरं ब्लेड काढलं, आरशाखालच्या फळीवर ठेवलं आणि मगच तो खुर्चीत बसला. कचरू न्हाव्यानं ते ब्लेड चिमटीत उचललं आणि एखाद्यानं पोराचा पडलेला पहिला दात दाखवावा तसं बाकावर बसलेल्यांना दाखवलं.

"लग्नात तुला आहेर काय द्यायचा ते माझं ठरलंय," कचरू म्हणाला. "पन्नास ब्लेडांचं पुडकं. संसाराला पुरंल."

बाकावरचे हसले. धर्मराजही हसला, पण कचरू वस्तऱ्यात तेच ब्लेड बसवतोय ना, हे त्यानं आरशातून नीट पाहून घेतलं.

बाकाच्या टोकाला केदारखेड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे अप्पाराव सर कालचा पेपर उघडून बसले होते. पेपर तोंडापुढं धरला होता तो वाचण्यासाठी नव्हे, चेहऱ्यावरचं समाधान लोकांना दिसू नये म्हणून. आपण सांगितलेली गोष्ट कुणीतरी पाळतंय असं बघायला मिळण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात थोडे येतात, आणि मास्तरच्या आयुष्यात त्याहून थोडे.

ही गोष्ट त्यांनी सांगितली होती दीड वर्षापूर्वी, डिसेंबरच्या एक तारखेला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. त्याआधी जालन्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथून आठ तक्त्यांची एक गुंडाळी मिळाली होती आणि गावातल्या तरुण पोरांना एड्सची माहिती देण्याचा हुकूम. पोरं आली होती साठ-सत्तर. ट्रकवरची, ऊसतोडीला जाणारी, नुसतीच पारावर बसणारी. पण पोरांच्या पुढं सतरंजीवर गावातली वडीलधारी मंडळी येऊन बसली, आणि अगदी मधोमध, तक्त्यापासून हातभर अंतरावर, धर्मराजचा बाप रखमाजी. अप्पारावांनी पहिला तक्ता लावला, दुसरा लावला, आणि तिसऱ्याबरोबर चौथाही उलटून टाकला. चौथ्यावर तसं काही नव्हतं. एक बाई आणि एक माणूस, पाठमोरे, अंगभर कपड्यांत. पण त्याखाली जे लिहिलं होतं ते रखमाजीच्या तोंडापुढं वाचायला त्यांची जीभ रेटेना. एकोणीस वर्षं नववीला फुलातलं परागीभवन ते रंगून शिकवत होते आणि त्याच्या पुढचा माणसांचा धडा आला की खडू खाली ठेवून "हे घरी वाचा" म्हणत होते. तेच त्यांनी इथंही केलं, एवढंच.

मग उरलेला वेळ भरून काढायचा म्हणून ते सुईबद्दल बोलले, रक्ताच्या बाटलीबद्दल बोलले आणि ब्लेडबद्दल तर इतकं बोलले की पोरं उठताना एकमेकांच्या गालांकडं बघत उठली. पुढचे दोन महिने कचरूच्या दुकानात माशी फिरकली नाही. शेवटी त्यानं बापाच्या हातचा वस्तरा कोनाड्यात बसवला आणि ब्लेड बदलायचा नवा वस्तरा आणला. सरांवरचा त्याचा राग अजून गेलेला नव्हता, पण दाढी मात्र तो त्यांचीच सगळ्यांत हलक्या हातानं करायचा.

दाढी उरकून धर्मराज बाहेर आला. सरांच्या पाया पडला आणि काखेतल्या पिशवीतून हळदीकुंकवाचं बोट लावलेली पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. अप्पाराव त्याच्याबरोबर लिंबाखाली आले. मे महिन्याची सकाळ, नऊ वाजताच ऊन डोळ्यांवर येत होतं. पत्रिकेवर तारीख अठ्ठावीस मे होती. आज पंधरा.

हे लग्न जुळलं त्यात अप्पारावांचा वाटा होता. धर्मराज हंगामात अंकुशनगरकडं उसाचा ट्रक चालवायचा. तिकडंच तीर्थपुरीच्या भुजंगरावांनी आपल्या मुलीसाठी त्याला पाहिला, आणि मार्चमध्ये ते चौकशीला केदारखेड्यात आले. अशा वेळी गावात दोन माणसांना विचारतात, न्हाव्याला आणि मास्तरला. कचरू म्हणाला, पोरगं लय चिकित्सक आहे. अप्पाराव म्हणाले, बिडी नाही, तंबाखू नाही, दारू नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांना राहवलं नाही. म्हणाले, हे पोरगं स्वतःचं ब्लेड खिशात घेऊन फिरतं, आता बोला. भुजंगराव ते वाक्य घेऊन घरी गेले आणि आठवड्यानं सुपारी फुटली.

"सर, तुमच्यामुळं वाचलो बघा," धर्मराज म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही सांगितलं नसतं तर मी बी गेल्तो."

अप्पाराव संकोचून म्हणाले की तसं काही नाही, त्यांनी फक्त माहिती दिली.

"न्हाई सर. आमच्या बरोबरचा एक डायव्हर गेला ना मागच्या पोळ्याला. कातडं आन् हाडं राह्यली होती. मी त्याला किती डाव म्हणलं, ढाब्यावर दाढी करू नको, ब्लेड बदल. ऐकलंच न्हाई."

सरांनी पत्रिकेची घडी घातली, परत उघडली.

"तो... आणखी कुठं जायचा का?"

"जायचा की," धर्मराज सहज म्हणाला. ऊन कुठल्या बाजूनं येतंय हे सांगावं इतक्या सहज. "समदेच जातात सर. सहा महिने घर न्हाई, दार न्हाई. मी बी जायचो कधीमधी. पण तिथं काय भ्याव न्हाई. बाया चांगल्या हायत, हट्ट्याकट्ट्या. लिंबानं धुतलं की झालं. आन् ब्लेड बराबर आपलं."

"शेवटचं कधी?"

"हंगाम उठला तवा. गुढीपाडव्याच्या मागंपुढं." मग त्याला एकदम काहीतरी वाटलं असावं. "आता न्हाई जायचं सर. आता लग्न करून राह्यलो ना."

अप्पारावांनी पत्रिकेवरचं मुलीचं नाव वाचलं. चि. सौ. कां. बेबीनंदा. दाढी न करताच ते घरी आले. बायकोनं, प्रभावतीनं विचारलं तेव्हा म्हणाले गर्दी होती. दुपारी ताटात भाकरी तशीच राहिली. संध्याकाळी ते मागच्या पडवीत जाऊन ट्रंकेतून तक्त्यांची गुंडाळी काढून बसले, आणि प्रभावती दिवा घेऊन आली तशी ती पोत्याखाली सारली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईपासून त्यांनी लपवलं काय, तर सरकारी तक्ता. आपलं आपल्यालाच हसू यावं अशी ती गोष्ट होती, पण हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एम-एटी काढली आणि धर्मराजला म्हणाले, चल जालन्याला, काम आहे. त्यानं काय काम हे विचारलं नाही. सरांचं काम म्हणजे पुस्तकांचं असणार.

दुचाकीवर बोलण्याचा एक फायदा असतो, बोलणाऱ्याला समोरच्याचं तोंड दिसत नाही. हा विचार करूनच अप्पारावांनी एसटी टाळली होती. पण वारा आपले शब्द ओढून नेईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. राजूर मागं पडल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, धर्मा, त्या दिवशी माझ्याकडून एक तक्ता राहिला. मागून आवाज आला, काय म्हणले? त्यांनी परत सांगितलं. मग म्हणाले, तो रोग मुख्यतः संबंधातून होतो. कशातून? संबंधातून. ऐकू येईना सर, गाडीचा आवाज लय आहे.

"शरीरसंबंधातून," अप्पाराव ओरडले.

रस्त्याच्या कडेनं शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि तिनं पदर सावरत त्यांच्याकडं पाहिलं. एकोणीस वर्षांत वर्गात कुजबुजूनही न म्हटलेला शब्द त्यांनी भर उन्हात, शेळ्यांसकट सगळ्यांना ऐकवला होता. एकदा तो बाहेर पडल्यावर मात्र बाकीचं अडलं नाही. समोर रस्ता होता, त्या रस्त्याकडं बघत ते सांगत गेले. दिसायला धडधाकट माणसाच्या अंगातही तो असतो. लिंबानं जात नाही. निरोध वापरला तरच अटकाव होतो. दाढीच्या ब्लेडानं असा होतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि नवऱ्याकडून तो बायकोला होतो, तिनं काही न करता.

मागून खांद्यावर हात पडला.

"सर, गाडी थांबवा."

बाभळीची विरळ सावली होती. धर्मराज उतरून तिच्याखाली उकिडवा बसला आणि पायाशी पडलेली काटकी मोडू लागला. मोडून तुकडे पार लहान झाले, तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"मंग तुम्ही तवा का न्हाई सांगितलं?"

सगळ्या रस्ताभर अप्पारावांनी या एका प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. वेळ कमी होता, तक्ता चिकटला होता, वरून तशी सूचना होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"लाज वाटली," ते म्हणाले. "तुझे वडील अगदी पुढं बसले होते."

धर्मराजनं हातातला काटकीचा तुकडा टाकून दिला.

"म्हातारा तर पहिल्याच तक्त्याला झोपला होता, सर."

ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं आणि तिथंच विरलं. मग तो जमिनीकडं बघून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "ट्रकवरचे चौदा जण होतो आम्ही त्या ओट्यावर. चौदाच्या चौदा ब्लेडच बदलून राह्यलो."

अप्पाराव गाडीचं हँडल धरून उभे होते. ते त्यांनी तसंच धरून ठेवलं.

सरकारी दवाखान्यात मागच्या अंगाला तपासणीची खोली होती. नाव लिहीत नव्हते, नंबर देत होते, तेवढ्यानं धर्मराज आत जायला तयार झाला. आतल्या बाई चाळिशीच्या, आवाजात कुठं चढउतार नसलेल्या. भाजी निवडताना बोलावं तसं त्या सगळं विचारत होत्या, ते दाराच्या पडद्यातून बाहेर ऐकू येत होतं, आणि अप्पारावांना वाटत होतं की इतकं सोपं होतं तर. रक्त घेतलं. दुपारी तीनला कागद मिळेल म्हणाल्या. तोवर दोघं वडाच्या पारावर बसले. धर्मराजनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मधेच एकदा त्यानं विचारलं की त्या मेलेल्या डायव्हरच्या बायकोला कुणी सांगितलं असंल का. अप्पारावांना माहीत नव्हतं.

तीन वाजता बाईंनी हाक मारली तेव्हा धर्मराजनं सरांना मनगटाला धरून आत नेलं. कागदावर दोष नव्हता. धर्मराज भिंतीला टेकला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. बाईंनी त्याला तसा थोडा वेळ टेकू दिला आणि मग दुसरं सांगितलं. शेवटचा संबंध येऊन दीडच महिना झाला होता. रक्तात दिसायला तीन महिने लागू शकतात. पक्की खात्री म्हणून आजपासून तीन महिने धरून ऑगस्टमध्ये पुन्हा तपासायचं, तेव्हा नाही निघालं तर नाही. तोपर्यंत कुणाशीही संबंध आला तर निरोध. त्यांनी एक पुडा कागदात बांधून त्याच्यापुढं ठेवला.

बस स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आला तेव्हा धर्मराजचा रंग परत आला होता. त्यानं हिशेब केला होता. बारा दिवसांनी लग्न होऊ द्यायचं, तीन महिने पुडा वापरायचा, ऑगस्टात कागद आणायचा. कुणाला काय कळतंय.

"तिला काय सांगशील?" अप्पारावांनी विचारलं.

"काय न्हाई सांगायचं."

"नवी नवरी विचारणार नाही? आणि तू रोज पाळशील?"

चहावर साय धरली.

"तिच्या बापानं मला विचारून मुलगी दिली आहे," अप्पाराव म्हणाले. "मला जाऊन लग्न पुढं ढकलायला सांगावं लागेल."

तेव्हा धर्मराज घाबरला, सकाळी रक्त देतानाही घाबरला नव्हता इतका. म्हणाला, कारण सांगितलं तर मी मेलो. कागदावर काही का असंना, एवढं नाव निघालं तरी बास आहे. कुणी पोरगी देणार न्हाई, कुणी ट्रकवर घेणार न्हाई, कचरू खुर्चीत बसू देणार न्हाई. अप्पारावांनी शब्द दिला की रोगाचं नाव काढणार नाही. शब्द देताना त्यांना आठवलं की आपण याआधीही एक शब्द दिलेला आहे, आणि दोन्ही एकदम कसे पाळायचे हे त्यांना माहीत नव्हतं.

तीर्थपुरीला ते एसटीनं गेले, एकटे. भुजंगरावांच्या दारात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. अंगणात बाजेवर शेवया वाळत होत्या आणि पडवीत एक बाई सुपात गहू घेऊन पाखडत होती. रंगानं उजळ, पण अंगात काही उरलेलं नाही अशी. तिच्या पाठीला टेकून तीन वर्षांचं पोर मोडक्या खेळण्याच्या चाकाशी खेळत होतं.

"थोरली. कौसल्या," भुजंगराव म्हणाले. "जावाई टीबीनं गेला, दोन वर्षं झाली. म्हणून तर ह्या बारीला इतकी चौकशी करून दिली. म्हणलं मास्तरचा शब्द घेतल्याबिगर पुढं जायचंच न्हाई."

अप्पारावांनी पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाले की लग्न काही महिने पुढं ढकलता आलं तर बरं होईल. भुजंगरावांनी का म्हणून विचारलं. अप्पाराव म्हणाले, ट्रकचं काम. मेमध्ये कसलं ट्रकचं काम, भुजंगराव म्हणाले, ऊस तर कवाच संपला. मग अप्पाराव म्हणाले, मुलाची तब्येत. काय झालं तब्येतीला? थोडी कणकण. कणकणीला काही महिने? त्यांच्या प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघत होता, आणि फळ्यापुढं उभं राहून मुलांना असं कोंडीत पकडणारे ते, आज स्वतः अंगठ्यानं जमीन उकरत होते.

भुजंगरावांच्या चेहऱ्यावरचं अगत्य हळूहळू उतरलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "सर, काही मागणं वाढलं असंल तर सरळ सांगा. मोटारसायकल पाहिजे का? पत्रिका वाटून झाल्यावर असं करतात लोक, मला म्हाईत हाय. पर तुम्ही त्यांच्याकडनं बोलाल असं वाटलं नव्हतं."

अप्पाराव नाही नाही म्हणत राहिले. भुजंगरावांनी ते ऐकलं नाही. पायात वहाणा घालून ते भावाला बोलवायला गेले. चार माणसांसमोर बोलू, म्हणाले.

ते वळणाआड गेले तशी आतल्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. एका हातात चहाचा कप. दुसरा हात चौकटीवर. तिनं कप पुढं केला नाही.

"त्यांचं रक्त तपासलं का?" तिनं विचारलं.

अप्पारावांना आधी वाटलं आपल्याला भास झाला. ते म्हणाले, कशाचं?

"आक्काचं ज्याच्यासाठी तपासलं, त्याचं."

पडवीतलं सूप थांबलं. कौसल्या मान वर न करता बसून राहिली.

"दाजींना टीबी होतीच," बेबीनंदा म्हणाली. "पण ती नंतरची. आक्काला घेऊन घाटी दवाखान्यात मीच गेल्ते, तिच्या रक्तात बी निघालं. बाबा तवा बाहेर पान खायला थांबले होते, त्यांना टीबीच म्हाईत आहे. आक्का म्हणली राहू दे, त्यांच्यानं झेपायचं न्हाई. तिचं पोरगं चांगलं आहे. त्याचं दोनदा तपासलं." तिनं हे सगळं एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं, आणि कुणाला तरी सांगायला मिळालं म्हणून सुटल्यासारखं. "सर, एवढंच सांगा. तपासलं का?"

त्यांनी धर्मराजला शब्द दिला होता. त्या मुलीच्या हातातल्या कपाकडं त्यांनी पाहिलं. तिनं बशीचा काठ बोटांनी घट्ट धरला होता.

"तपासलं," अप्पाराव म्हणाले. "परवा. आज काही नाही. पण ऑगस्टमध्ये परत बघावं लागेल. तीन महिने झाल्याशिवाय खात्री नाही."

मग ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. ट्रकवर काय होतं, धर्मराज का गेला, त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं. आणि ते का नव्हतं, हेही. त्यांनी कुठला शब्द गिळला नाही. वाऱ्याची सोय नव्हती, समोरच्याचं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड एकोणीस वर्षांच्या मुलीचं होतं.

तिनं मनाशी काहीतरी मोजलं. "श्रावणात कागद आला तरी चातुर्मासात लग्न लागत न्हाई. म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर." मग तिनं कप त्यांच्या हातात दिला. "बाबांना मी सांगते. तुम्ही नुसतं हो म्हणा."

भुजंगराव भावाला घेऊन आले तेव्हा ती खांबाला धरून उभी होती. बापानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली की सरांना मीच चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं. बारावीचे दोन विषय राहिलेत, इंग्रजी आणि अर्थशास्त्र. ऑक्टोबरला परीक्षेला बसायचं आहे. एकदा लग्न झालं की कोण बसू देतंय. घरात बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून सरांच्या मार्फत.

पुढची दहा मिनिटं भुजंगराव बोलत होते. मांडवाच्या मेढी, आचाऱ्याला दिलेली सुपारी, सोयऱ्यांत होणारी छी थू, असलं डोकं आधी का न्हाई चाललं, पोरीला शिकवून पस्तावलो. चुलताही दोन शब्द बोलून मोकळा झाला. ती खाली मान घालून ऐकत होती. यातलं एकही बोलणं तिच्या वाट्याचं नव्हतं. ज्यांच्या वाट्याचं होतं त्यांतला एक केदारखेड्यात होता आणि एक तिथंच चहाचा कप धरून बसला होता.

"सर, आता तुम्हीच समजवा हिला," भुजंगराव शेवटी दमून म्हणाले. "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाचं तरी ऐकंल."

"तिचं बरोबर आहे," अप्पाराव म्हणाले. "थांबू या. मुलाकडचं मी बघतो."

भुजंगरावांनी भावाकडं पाहिलं, भावानं मेढींकडं. मोटारसायकलीचा विषय नाही एवढ्यावर त्यांच्या जिवातला निम्मा घोर उतरला असावा. आचाऱ्याला आजच्या आज सांगितलेलं बरं, असं पुटपुटत दोघं परत बाहेर पडले. पडवीतलं सूप पुन्हा चालू झालं.

बेबीनंदा रिकामा कप न्यायला आली.

"त्यांना म्हणावं, श्रावणात कागद घेऊन स्वतः या. तुम्हाला पाठवू नका. काय झालं ते त्यांनी त्यांच्या तोंडानं सांगावं. मंग मी ठरवीन."

"आणि नाही आला तर?"

तिनं बशीत सांडलेला चहा अंगणात ओतला.

"तर पास तर होईनच की," ती म्हणाली आणि आत गेली.